बॅटरीच्या गाडीची मोटार: डीसी ठेवायची की एसी घ्यायची?

गोल्फ कार्ट म्हटली तरी मराठवाड्यात ती गोल्फ खेळायला कमीच वापरली जाते. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत पाहुणे फिरवायला, मोठ्या दवाखान्यात पेशंट न्यायला, कॉलेजच्या आवारात, रिसॉर्टवर, मंगल कार्यालयात म्हाताऱ्या माणसांना गेटपासून मांडवापर्यंत सोडायला ती लागते. घेताना विकणारा एक वाक्य हमखास टाकतो: "साहेब, ही एसी मोटारवाली आहे." मे महिन्यात हे ऐकून कुणाला गारव्याची आठवण झाली तर नवल नाही, पण इथे एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट, दिशा बदलत राहणारी वीज; डीसी म्हणजे डायरेक्ट करंट, बॅटरीसारखी एकाच दिशेची. एसी हवाच असतो असं नाही. तुमच्या आवारातला चढ किती, गाडी दिवसाला किती चालते आणि बिघडली तर हात कोण घालणार, या तीन गोष्टी आधी नक्की करा.

हातातली मोटार कुठली, ते ओळखा

किल्ली बंद करा. रन-टो स्विच (गाडी चालवायची की ओढून न्यायची, ते ठरवणारा) असेल तर टोवर टाका आणि बॅटरी बँकेची मुख्य निगेटिव्ह केबल काढा. लगेच पाना घालू नका. कंट्रोलरमधले (मोटारीला मोजून वीज देणाऱ्या पेटीतले) कपॅसिटर चार्ज धरून असतात. कंट्रोलरच्या दोन बॅटरी टर्मिनलवर १०० ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर दहा सेकंद धरला की ते रिकामे होतात. अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. ४८ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण पाना आणि कडं यांतून शॉर्ट झाला की कडं लाल होतं.

आता मागच्या अ‍ॅक्सलला लागून बसलेल्या मोटारीवरच्या तारा मोजा.

चार टर्मिनल आणि चारही सारखीच जाड असतील तर ती डीसी सिरीज मोटार. त्यावर ए१, ए२, एस१, एस२ असं कोरलेलं असतं. दोन जाड आणि दोन बारीक (ए१, ए२, एफ१, एफ२) असतील तर ती सेपेक्स, म्हणजे फील्डला (चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या स्थिर वाइंडिंगला) वेगळा करंट देणारी डीसी. तीन जाड केबल (यू, व्ही, डब्ल्यू) आणि शिवाय बारीक तारांचा एक सॉकेट असेल तर ती तीन फेजची. मात्र इथेच फसगत होते, कारण तीन केबलवाली मोटार इंडक्शनची असेल किंवा लोहचुंबकवाली बीएलडीसी. विकणारे दोन्हींना एसीच म्हणतात.

यातला फरक हाताने कळतो. तिन्ही केबल कंट्रोलरपासून सोडवा. मागची चाकं स्टँडवर उचला, पुढच्या चाकांना दगड लावा. हँडब्रेक सोडा. मोटारीवरच विजेने सुटणारा ब्रेक असेल तर तोही मोकळा करा. एक चाक हाताने फिरवत असाल तर दुसरं कुणाला तरी धरून ठेवायला सांगा, नाहीतर डिफरेन्शियलमुळे दुसरं चाक उलटं फिरतं आणि मोटार जागची हलत नाही. आधी केबल मोकळ्या ठेवून चाक फिरवा. मग तिन्ही लग (केबलच्या टोकाच्या भोकाच्या चकत्या) एका बोल्टात एकत्र आवळून पुन्हा फिरवा. दुसऱ्या वेळी चाक अडखळत, जड फिरलं तर आत लोहचुंबक आहे. काहीच फरक पडला नाही तर इंडक्शन. पुढे एसी म्हणू तेव्हा ही इंडक्शनच समजा. गोल्फ कार्टमध्ये तिचा गाजावाजा झाला तो २००८ साली आलेल्या ई-झेड-गो आरएक्सव्हीपासून.

आत काय वेगळं आहे

सिरीज मोटारीत आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आणि फील्ड एकाच वाटेवर असतात. करंट वाढला की दोन्हींचा जोर वाढतो, म्हणून उभ्या जागेवरून ती जोरात उचलते. मात्र चढावर वेग पडतो, सपाटीवर वाढतो, आणि उतारावर तिला आवरणारं आतलं काहीच नसतं; ब्रेक तुमच्या पायात. लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दिलं तर ती वेग वाढवतच जाते आणि आर्मेचरच्या पट्ट्या उडू शकतात. म्हणून बाकावर तपासायची तर १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर, तीही घट्ट बांधून आणि क्षणभरच: ए१ आणि एस१ जोडा, ए२ आणि एस२ वर बॅटरी द्या.

सेपेक्समध्ये फील्डचा लगाम कंट्रोलरकडे असतो. उतारावर ती गाडी धरून ठेवते, थोडी वीजही परत देते. खरं तर एसीचे म्हणून सांगितले जाणारे निम्मे गुण चांगल्या सेपेक्समध्ये असतात. ब्रश, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, मात्र दोन्ही डीसींत असतात.

इंडक्शन मोटारीत ब्रश नाहीत, ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर नाही. कंट्रोलर बॅटरीच्या डीसीतून तीन फेज बनवतो आणि फ्रीक्वेन्सी कमीजास्त करून वेग ठरवतो. चार पोलच्या मोटारीला १०० हर्ट्झ दिले की फिरणारं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या जरा मागे राहतो. रोटर नेमका किती फिरतोय ते एन्कोडर नावाचा सेन्सर कंट्रोलरला सांगतो. प्लेटवर ३३-३४ व्होल्ट लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. ४८ व्होल्ट डीसीतून फेज-टू-फेज तेवढंच जास्तीत जास्त निघतं.

चढ मोजा, मग हिशेब मांडा

'थोडासा चढ आहे' या वाक्यावर मोटार निवडता येत नाही. गवंड्याची लेव्हल पाइप घ्या. रस्त्याचा सगळ्यात खडा भाग निवडून दहा मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या करा, पाइपमधल्या पाण्याची रेघ दोन्ही काठ्यांवर ओढा आणि जमिनीपासूनच्या उंचीतला फरक घ्या. एक मीटर भरला तर चढ १० टक्के, ४० सेंटिमीटर भरला तर ४ टक्के.

आता सहा आसनी गाडी धरा. बॅटऱ्यांसकट ६०० किलो आणि सहा माणसांचे ४०० म्हणजे एक टन. १० टक्के चढावर गुरुत्वाचा विरोध सुमारे ९८० न्यूटन आणि मुरमाच्या रस्त्यावर टायरचा विरोध २०० च्या आसपास, एकूण १,१८०. १८ इंची टायरची भाराखालची त्रिज्या २२ सेंटिमीटर, म्हणून चाकाला हवा २६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). अ‍ॅक्सलचा गिअर साधारण १२.४४ ला १ असतो. गिअरमधलं दहा टक्के नुकसान धरलं तर मोटारीने २३ न्यूटन-मीटर सतत द्यायला हवेत. १२ किलोमीटरच्या वेगाने चढताना मोटारीच्या शाफ्टवर साडेचार किलोवॅटच्या जवळपास ताकद लागते. डीसीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे १२० अँपिअर जातात, एसीची ८५ धरली तर १०५ ते ११०.

हीच गाडी सपाटीवर २० च्या वेगाने चालवा. डीसी ३४ अँपिअरच्या आसपास घेते, एसी ३०. तासाभरात चार अँपिअर-अवरचा फरक, तोही १५० अँपिअर-अवरच्या बँकेत. एवढं तर गंजलेल्या लग आणि कमी हवेच्या टायरांत सहज जातं. म्हणून जालन्या-परभणीच्या सपाट आवारात, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या चार आसनी गाडीची चांगली डीसी मोटार काढून एसी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. खुलताबाद-म्हैसमाळकडच्या डोंगरउतारावरचं रिसॉर्ट असेल, सहा-आठ आसनी गाडी दिवसभर भरून चालत असेल, तर नवी घेताना एसीच घ्या.

कोटेशनमध्ये '५ किलोवॅट' असा आकडा असेल तर तो कुठल्या ड्युटीचा ते विचारा. प्लेटवर एस१ (टर्मिनलवरचा एस१ नव्हे) म्हणजे सतत, एस२-६० मिनिटं म्हणजे तासभर. कंट्रोलरवरही दोन मिनिटांचा करंट आणि तासाचा करंट वेगळे असतात. जाहिरातीत मोठा, म्हणजे दोन मिनिटांचा छापतात. एसी मोटार बसवली आणि कंट्रोलर लहान निघाला तर चढावर ती जुन्या डीसीपेक्षाही रडते, कारण टॉर्कची कमाल शेवटी कंट्रोलरच्या अँपिअरवर ठरते.

ऊन आणि फुफाटा

मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात तेव्हा सीटखालच्या बंद पेटीत त्याहून जास्त. बऱ्याच कंट्रोलरांत हीटसिंक ८५ अंशांच्या पुढे गेली की करंट आपोआप कमी केला जातो. ड्रायव्हर सांगतो, "दुपारी गाडी दम टाकते, संध्याकाळी ठीक होते." ही मोटारीची खराबी नव्हे. कंट्रोलर ज्या प्लेटवर बसलाय ती सपाट ॲल्युमिनियमची आहे का, मधे थर्मल पेस्ट आहे का, पेटीला वारा आहे का, ते पाहा. तांब्याचा रोधही २५ अंशांवरून १२५ वर गेला की जवळपास ४० टक्के वाढतो. गरम मोटार त्यामुळे आणखी गरम होते. इथे एसीचा फायदा खरा आहे. तिची उष्णता मुख्यतः बाहेरच्या स्टेटरमध्ये तयार होते आणि बॉडीवाटे निघते. डीसीत ती आतल्या फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये कोंडते. मात्र एसीच्या बॉडीवरचे पंख काळ्या मातीच्या लेपाने भरले की तोही फायदा गेला. पावसाळा संपला की ते कोरड्या ब्रशने साफ करा. प्रेशरचं पाणी कुठल्याच मोटारीवर मारू नका.

डीसीला फुफाटा जास्त सोसावा लागतो. ब्रशचा कार्बन आणि रस्त्याची धूळ मिळून कम्युटेटरभोवती काळी पूड साचते आणि ती वीज वाहते. दर तीन महिन्यांनी कोरड्या हवेने उडवा, तोंडाला मास्क लावून. त्याच वेळी ब्रश बाहेर काढा. होल्डरमध्ये तो अडकता कामा नये. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर आला की बदला, आणि बदलायचे तर सगळे एकदम. एकच नवा घातला तर करंट चारांत सारखा वाटला जात नाही, एक जळतो आणि दोष नव्या ब्रशला लागतो. नवा ब्रश तसाच बसवून गाडी हाणू नका. कम्युटेटरवर बारीक काचपेपरची पट्टी खरबरीत बाजू ब्रशकडे करून गुंडाळा आणि शाफ्ट हाताने फिरवत ब्रशच्या तोंडाला कम्युटेटरची गोलाई येऊ द्या. एमरी पेपर वापरू नका. त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात.

कम्युटेटरचा रंग बघायला शिका. चहासारखा एकसारखा तपकिरी असेल तर काळजी नाही, तो चकचकीत करत बसू नका. ठराविक अंतरावर काळ्या पट्ट्या दिसल्या तर आर्मेचरची कॉइल तुटली आहे किंवा सोल्डर सुटलं आहे. सगळीकडे काळपट, ओबडधोबड असेल तर स्प्रिंग सैल आहेत किंवा गाडी कायम जास्त लोडवर चालते आहे.

उतारावर वीज परत येते, पण किती?

विक्रीच्या गप्पांत हा मुद्दा फार ताणतात. एक टनाची गाडी दहा मीटर खाली उतरली तर सगळी ऊर्जा मिळून २७ वॉट-अवर. अर्धी परत आली असं धरा, म्हणजे जेमतेम चौदा. तेवढ्यात सपाटीवर गाडी दोनशे मीटर जाते. रेंज वाढते म्हणून नव्हे, तर ब्रेकशूज टिकतात आणि ड्रायव्हर नवखा असला तरी गाडी उतारावर सुसाट सुटत नाही, म्हणून ही सोय हवी.

एक धोका मात्र आवर्जून लक्षात ठेवा. चार्जिंगची जागा टेकडीवर आणि गेट खाली असेल, तर सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली असतानाच गाडी उतरते. परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. व्होल्टेज उसळतं, आणि लिथियम बॅटरी असेल तर बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) जोडणी तोडून टाकतो. मोटारीचा ब्रेक ऐन उतारावर निघून जातो. अशा ठिकाणी चार्जर खाली बसवा, किंवा चार्ज ९० टक्क्यांवर थांबवण्याची सेटिंग करून घ्या. पायातला ब्रेक तर दर आठवड्याला तपासायचाच. कितीतरी गाड्यांना तो मागच्या दोन चाकांनाच असतो.

बिघडली तर कोण दुरुस्त करणार

डीसीचे आर्मेचर भरणारे कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, तालुक्याला शोधावे लागतात. उलट शेतीपंपांमुळे तीन फेजची इंडक्शन मोटार भरणारं दुकान मराठवाड्यात गावोगावी आहे. लोखंड तेच, स्टेटर तोच, पण सवय वेगळी. पंपाची मोटार ४१५ व्होल्टची, तार बारीक, वेढे भरपूर. गोल्फ कार्टची ३४ व्होल्टची, वेढे मोजकेच, आणि एका वेढ्यात अनेक तारा समांतर. म्हणून भरायला देताना तीन गोष्टी लिहून द्या. जुन्या तारांची संख्या, गेज आणि वेढे मोजूनच जुनं वाइंडिंग कापायचं. तार आणि वार्निश एच क्लासचं, म्हणजे १८० अंशांचं, वापरायचं. आणि तिसरी, ठळक अक्षरांत: भरून झाल्यावर 'चालवून बघायला' मेनच्या तीन फेजवर लावायची नाही. ती क्षणात जळते.

मोटार कुठलीही असो, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावा, आधी कंट्रोलर आणि एन्कोडर पूर्ण सोडवून. एक मेगओहमच्या खाली आला तर आधी साफ करून, उन्हात वाळवून पुन्हा मोजा. तरी चढला नाही तर वाइंडरकडे.

आणि हे सगळं करण्याआधी बॅटरी. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्यांची बँक चढावर ४२ व्होल्टच्या खाली जात असेल, तर मोटारीला बोल लावण्यात अर्थ नाही. लोड असताना प्रत्येक बॅटरी मोजा, एखादी ५.२५ च्या खाली गेली तर चोर तीच. बोअरचं पाणी टाकलेल्या बँका इथे ढिगाने सापडतात. डिस्टिल्डच टाका.

डीसी काढून एसी बसवायची तर

नुसती मोटार बदलता येत नाही. डीसीच्या कंट्रोलरवर एसी चालत नाही, सिरीजच्या कंट्रोलरवर सेपेक्सही नाही. किटमध्ये इतकं हवंच: एन्कोडरसकट मोटार, तिच्याच पॅरामीटरने प्रोग्रॅम केलेला कंट्रोलर, ४८ व्होल्ट कॉइलचा मुख्य कॉन्टॅक्टर (मोठा विजेवर चालणारा स्विच) आणि कॉइलवर डायोड, प्रीचार्ज रेझिस्टर (कंट्रोलरचे कपॅसिटर आधी हळू भरणारा), कंट्रोलरच्या कमाल करंटला साजेसा फ्यूज, ३५ किंवा ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, आणि कंट्रोलरला चालेल असा पेडल सेन्सर. कोणी ० ते ५ व्होल्टचा मागतो, कोणी ० ते ५ किलोओहमचा. चुकीचा लावला तर गाडी हलत नाही, नाहीतर किल्ली फिरवताच एरर देते.

ऑर्डर देण्याआधी जुनी मोटार काढून शाफ्टच्या आतल्या स्प्लाइनचे (शाफ्ट एकमेकांत अडकवणाऱ्या खाचांचे) दात मोजा आणि बोल्टांच्या भोकांमधलं अंतर घ्या. फोटो पाठवून भागत नाही. बसवताना मोटार स्प्लाइनवर लोंबकळू देऊ नका. खाली जॅक लावा, सगळे बोल्ट हाताने दोन-दोन आटे घ्या, मग आडवे-तिडवे आवळा. मोटार वजनाने लटकत असताना आवळली तर इनपुट शाफ्टचं ऑइल सील जातं आणि पंधरा दिवसांनी गिअर ऑइल मोटारीत उतरतं.

पहिली चाचणी चाकं उचलूनच. पेडल हळू दाबल्यावर मोटार गुरगुरते, थरथरते, भरपूर करंट घेते पण फिरत नाही, असं झालं तर फेजचा क्रम आणि एन्कोडरची दिशा जुळलेली नाही. बॅटरी काढून यू, व्ही, डब्ल्यूपैकी कुठल्याही दोन केबल अदलाबदल करा. नीट फिरते पण पुढच्या गिअरला मागे जाते, तर दोन केबल आणि एन्कोडरच्या ए-बी तारा दोन्ही बदला, किंवा प्रोग्रॅमरने दिशा उलटवा.

पुढे वापरात एसी गाडी अचानक रांगायला लागली किंवा झटके देऊ लागली, तर निम्म्याहून जास्त वेळा मोटार चांगली असते आणि एन्कोडरची तार तुटलेली असते. उंदीर हे इथलं नेहमीचं कारण. सॉकेटमध्ये सप्लाय येतोय का बघा, मग चाक अगदी हळू फिरवत ए आणि बी तारांवर मीटर धरा. व्होल्टेज खाली-वर होत राहिलं तर एन्कोडर जिवंत आहे. एकाच आकड्यावर चिकटलं तर आधी तार बदला, मग सेन्सर. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोरी बांधण्याआधी रन-टो स्विच टोवर घ्या. मोटारीवर विजेने सुटणारा ब्रेक असेल तर तो मोकळा झाल्याशिवाय ट्रॅक्टरला जोडू नका. गाडी हलत नाही म्हणून ट्रॅक्टरवाला जोर लावतो आणि टायर घासत जातात.